दुसरं परमिट

या ग्रुपवरचे अनुभव मी बरीच वर्षं वाचते आहे. स्वतः एकही लिहिला नाही. उलट लिहिणाऱ्यांना खोचक प्रश्न विचारून त्यांचा रोष मात्र ओढवून घेतलाय... "हडळीने नेसलेली साडी सुती होती की सिंथेटिक?" असं विचारणारी ती मीच. तेव्हा आज माझी पाळी आहे तर तुम्हीही हात धुऊन घ्या, माझी हरकत नाही.

आमच्या घरात लिंबू येतं ते सरबतासाठी. मांजर आडवं आलं तर मी त्याला आधी जाऊ देते, कारण त्याला माझ्यापेक्षा जास्त घाई असते. आणि माझी सगळी नोकरी विजेच्या कामात गेली. वीज दिसत नाही, पण आहे की नाही हे मीटर सांगतो. जे मीटरवर येत नाही ते नाही, एवढाच माझा धर्म होता. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याकडे मी आधी तो काय लपवतोय या नजरेने बघायचे. अजूनही बघते. फक्त आता त्या यादीत मी स्वतःही आहे.

गोष्ट तेव्हाची, जेव्हा हिंजवडीत भातखाचरांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या. पूर्वी पुण्यात वीज गेली की लोक हातपंखा शोधायचे. आता कंपन्यांचे फोन यायला लागले, तेही इंग्रजीतून. मग वरच्या लोकांना जाग आली की उद्या सगळी ग्रिडच, म्हणजे विजेचं अख्खं जाळंच, एकदम कोसळली तर ती पुन्हा उभी कशी करायची, हे कंट्रोल रूममधल्या माणसांना रीतसर शिकवायला हवं. हे काम पाहुण्यांनी भरलेलं घर सकाळी उठवण्यासारखं असतं. सगळ्यांना एकदम उठवलं तर मोरीपाशी मारामारी. एकेक लाइन, एकेक उपकेंद्र, बेताबेताने जिवंत करत आणायचं. जरा चुकलं की जे उभं केलं तेही पुन्हा झोपतं.

हे शिकवायला मी होते. विश्रांतवाडीच्या बाजूला, आळंदी रस्त्यापासून थोडं आत आमचं प्रशिक्षण केंद्र होतं. संस्थेचं नाव देणार नाही, विचारूही नका.

आमची पद्धत अशी होती. एका हॉलमध्ये खोटी कंट्रोल रूम. तिथल्या स्क्रीनवर खोटी ग्रिड, हिंजवडीच्या एका कंपनीने कॉम्प्युटरवर तयार करून दिलेली. आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत आम्ही दोघं शिक्षक, समोर फोन ठेवून. आम्ही म्हणजे उपकेंद्रं. समोरचा प्रशिक्षणार्थी फोनवर हुकूम द्यायचा, आणि आम्ही कधी घाबरलेला ऑपरेटर, कधी पेंगुळलेला, कधी उद्धट होऊन उत्तरं द्यायचो. उत्तरेकडची सगळी उपकेंद्रं म्हणजे जोगळेकर, दक्षिणेकडची सगळी मी.

हा जोगळेकर नकला करण्यात पटाईत. दरवर्षी गॅदरिंगला माझी नक्कल करायचा आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे पोट धरून हसायचे. मीही हसायचे. दात दाखवण्याइतपत.

दोन नियम आम्ही मुलांच्या हाडीमाशी भिनवायचो, ते लक्षात ठेवा, पुढे लागतील. पहिला नियम फोनचा. जो निरोप ऐकला तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा, आणि सांगणाऱ्याने "बरोबर" म्हटल्याशिवाय काही करायचं नाही. कुणी "हो हो, कळलं" म्हणालं की मी म्हणायचे, "कळलं ते तुमच्यापाशी ठेवा, ऐकलं ते मला परत करा."

दुसरा नियम परमिटचा. लाइनवर काम करायला माणूस चढणार असेल तर आधी उपकेंद्रातून परमिट घेतो. मग लाइन बंद करून त्याच्या हवाली करतात. ज्याने परमिट घेतलं त्यानेच खाली उतरून ते परत करायचं. तोवर त्या लाइनीत वीज सोडायची नाही, मग अख्खं शहर अंधारात बसलेलं असो.

त्या बॅचमध्ये मनीषा नावाची एकच मुलगी होती. यवतमाळकडची, इंजिनिअर, बोलायला कमी आणि डोक्याने तल्लख. ही परीक्षा पास झाली तर तिला कंट्रोल रूमची खुर्ची मिळणार होती. नाही तर कुठल्याशा आडगावच्या स्टोअरमध्ये नट-बोल्ट सांभाळायला रवानगी, हे तिला तोंडावर सांगितलेलं होतं. "बायकांना शिफ्ट ड्यूटी झेपत नाही" म्हणणारे दोन-तीन जण तर ती नापास होण्याची वाटच बघत होते. मी तिच्याशी इतरांपेक्षा कडक वागायचे. बाईने बाईला सवलत दिली की ती बातमी जेवणाच्या डब्यांबरोबर टेबलाटेबलावर फिरते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी बाहेरून आलेले परीक्षक आमच्याच खोलीत, माझ्या शेजारी येऊन बसले. प्रसंग मी स्वतः रचला होता : वादळ झालंय, सगळी ग्रिड कोसळली आहे, आता उभी करा. त्यात कुठल्याही लाइनवर कुणीही काम करत नव्हतं. परमिट हा शब्दच त्या प्रसंगात नव्हता.

मनीषाने सुरुवात झकास केली. एकेक उपकेंद्र उठत होतं. परीक्षकसाहेब चक्क मान डोलवत होते. मग तिला दक्षिणेकडची एक मोठी लाइन घ्यायची होती. म्हणजे फोन माझ्याकडे येणार. मी वाट बघत होते... आणि फोन वाजेचना.

"काय हो मॅडम, तुमची विद्यार्थिनी झोपली की काय?" परीक्षक म्हणाले.

माझा फोन माझ्यासमोर जागच्या जागी होता. जोगळेकरचा त्याच्यासमोर. जोगळेकर खिडकीपाशी उभा राहून चहात बिस्किट बुडवत होता. तिघंही आम्ही स्क्रीनकडे बघत बसलो. मनीषाने ती लाइन घेतलीच नाही. ती घेतली नाही म्हणून इकडचा तोल गेला, आणि मघाशी उभं केलेलं अर्धं खोटं पुणं पुन्हा अंधारात गेलं. परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं. त्याचा अर्थ आम्हाला माहीत होता.

मी तरातरा हॉलमध्ये गेले. मनीषा उभी होती, चेहरा पांढराफटक.

"काय झालं? लाइन का नाही घेतलीस?"

"मॅडम, तुम्हीच तर थांबवलं."

"मी? मला फोनच आला नाही."

"मी केला, तुम्ही उचलला. तुम्ही म्हणाल्या, माणूस वर आहे, लाइन देऊ नका."

मागून परीक्षक आले होते. त्यांनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो मला अजून आठवतो. त्यांना वाटलं, काहीतरी साटंलोटं आहे. एक तर मी तिला मुद्दाम पाडलं, नाहीतर ती चुकली आणि मी तिला सबब पुरवते आहे. आयुष्यभर दुसऱ्यांवर संशय घेणारी मी... त्या दिवशी माझ्याकडे कुणीतरी त्याच नजरेने बघत होतं. अंगाचा तिळपापड झाला माझ्या.

"टेप लावा," मी म्हटलं.

परीक्षेतले सगळे फोन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड व्हायचे. ते बघायला हिंजवडीच्या कंपनीचा मिश्रा हजर होता. त्याने तो कॉल काढला. खरोखरच कॉल झालेला होता. आधी मनीषाचा आवाज आला, "दक्षिण-दोन, कंट्रोल बोलतेय, लाइन घ्यायची आहे, तयार आहात?" मग नुसती शांतता. मग पुन्हा मनीषा, आम्ही शिकवल्याप्रमाणे, ऐकलेला निरोप परत म्हणताना :

"परत म्हणते. दुसरं परमिट परत आलेलं नाही. माणूस वर आहे. पिवळं हेल्मेट. लाइन द्यायची नाही. बरोबर?"

पुन्हा शांतता. आणि मग एकदम वेगळ्याच, हळू आवाजात :

"हो मॅडम, ऐकतेय मी. मी आहे इथं. नाही देत लाइन."

परीक्षक हसले. "वा! हिने तर उपकेंद्राचं सांत्वनच केलं."

"और दूसरी साइड का आवाज?" मी मिश्राला विचारलं.

"मॅडम, दुसरा चॅनल ब्लँक है. कुछ आयाच नही." मिश्रा इतकी वर्षं पुण्यात राहून हीच भाषा बोलायचा.

मी मनीषाला व्हरांड्यात बाजूला घेतलं. तिला म्हटलं, हे बघ, गोंधळ उडाला म्हणून सांग. परीक्षेत घाबरायला होतं, साहेबांना ते समजेल, पुन्हा एक संधी देतील. पण फोनवर कुणीतरी बोललं हे सांगत बसलीस तर खुर्ची गेलीच म्हणून समज.

"गोंधळ नाही उडाला मॅडम. मी खरं सांगून राहिली."

"अगं पण मी त्या खोलीत परीक्षकांच्या शेजारी बसले होते!"

ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "आतमध्ये सगळ्यांसमोर नाही सांगितलं... तुम्ही रडून राहिल्या होत्या मॅडम. शेवटी म्हणाल्या, अगं कुणी ऐकतंय का, कुणीतरी बोला ना. म्हणून मी म्हटलं, ऐकतेय. आणि मागे मोर ओरडला."

मला इतका राग आला म्हणून सांगू! मी रडते? मी लग्नात सासरी जाताना रडले नाही, आमच्या आईला त्याचं अजून वाईट वाटतं. आणि विश्रांतवाडीत मोर? आमच्याकडे मागच्या बाजूला भंगारवाला ओरडायचा, मोर नाही.

म्हणजे ही नाटकं करते आहे, हा पहिला संशय. पण नाटक करून तिला मिळणार काय होतं? नट-बोल्ट?

दुसरा संशय अर्थातच जोगळेकर. आमच्या फोनचं जाळं त्या दोन खोल्यांपुरतं होतं, बाहेरचा फोन त्यात लागायचा नाही. तरी मी शिपायाला घेऊन वायरी तपासल्या, कुठे तिसरा फोन जोडलाय का बघितलं. जोगळेकरला समोर बसवून उलटतपासणी केली. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, "बाई, मी बिस्किट खात होतो. तोंडात बिस्किट असताना तुमचा आवाज काढता येतो असं वाटत असेल तर माझा सत्कार करा." देवाशपथ म्हणाला. मी म्हटलं, शपथ मीटरवर येत नाही. त्यानंतर महिनाभर त्याने माझ्यासाठी चहा सांगितला नाही.

तिसरा मिश्रा. रेकॉर्ड केलेल्या माझ्या जुन्या वाक्यांचे तुकडे जोडून त्याने काही चावटपणा केला असेल का? त्याला विचारलं तर तो म्हणाला, "मॅडम, हमारा सॉफ्टवेअर सुबह ठीक से चालू हो जाए तो हम नारियल फोडते हैं. इतना सब कहाँ से करेंगे?" हे मात्र मला पटलं.

परीक्षक तिला नापासच करणार होते. शेवटी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. मनीषावर माझा विश्वास बसला होता असं नाही, खोटं कशाला बोलू. पण एक गोष्ट मला टोचत होती.

"साहेब, तिला फोनवर सांगितलं गेलं की माणूस वर आहे. तिने निरोप परत म्हटला आणि लाइन दिली नाही. आपण हेच शिकवतो ना?"

"पण मॅडम, माणूस नव्हताच!"

"हे तुम्हाला-मला माहीत. तिला काय माहीत?"

"आणि सांगितलं कुणी तिला?"

मी म्हटलं, तेच शोधते आहे. मग साहेब म्हणाले, पुन्हा परीक्षा घ्या, पण या वेळी फोनवर मी बसतो. बसले. मनीषा पास झाली. तिला खुर्ची मिळाली, आणि मी तो विषय डोक्यातून काढून टाकला. म्हणजे काढून टाकला असं सगळ्यांना सांगितलं.

त्यानंतर बरेच महिने गेले. पुढचा उन्हाळा होता. नव्या बॅचला खरं उपकेंद्र दाखवायला मी कात्रजच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका उपकेंद्रात घेऊन गेले होते. दुपारची जेवणं झाली होती. मुलं खिडकीतून यार्डाकडे बघत होती, मी त्यांना कुठली लाइन कुठून येते ते दाखवत होते. तिथल्या दुपारच्या पाळीचा ऑपरेटर पवार नुकताच ड्यूटीवर आला होता.

आणि धाडकन सगळं बंद झालं. पंखे, दिवे आणि ती यार्डातली घरघर. उपकेंद्रात काम केलेल्यांना माहीत असेल, ती घरघर थांबली की काळजात चर्र होतं. कुठेतरी दूर मोठा बिघाड होऊन एकामागून एक लाइनी पडल्या होत्या. अर्धं पुणं गेलं होतं. दवाखाने, पाण्याचे पंप, हिंजवडी, सगळं.

ज्याची मी इतकी वर्षं नाटकं रचली ते समोर खरं घडत होतं. मुलांना म्हटलं, भिंतीला चिकटून उभे राहा आणि तोंडं बंद ठेवा.

थोड्या वेळाने कंट्रोलचा फोन आला. आमच्या इथली मोठी लाइन घ्यायची होती, तिच्यावरून पुढे दक्षिणेचा सगळा भाग उठणार. त्या लाइनवर सकाळपासून काम चालू होतं. पवारने परमिट परत आल्याची खात्री करून घेतली, लाइन मोकळी केली आणि फोनवर सांगायला लागला, "हां कंट्रोल, परमिट परत आलंय. लाइन क्लिअर आहे. घ्या." बाहेर कुंपणावर एक मोर कर्कश ओरडला. कात्रजच्या डोंगरात मोर पुष्कळ. माझं लक्षही गेलं नाही.

"हॅलो? हॅलो?" पवारने फोन ठेवला. "कट झाला. असू द्या, सांगून झालंय."

मी सहज यार्डाकडे बघितलं. पलीकडच्या टोकाला, त्याच लाइनीच्या उंच लोखंडी कमानीवर एक माणूस पाय सोडून बसला होता. पिवळं हेल्मेट.

"पवार, तो कोण आहे?"

पवारने बघितलं, आणि त्याचा चेहरा असा झाला की मला उत्तराची गरजच उरली नाही. सकाळी त्या लाइनवर दोन टोळ्यांनी दोन परमिटं घेतली होती. पाळी बदलताना सकाळच्या ऑपरेटरने घाईत एकच सांगितलं. तेवढं परत आलं. दुसरं परमिट अजून त्या कमानीवर बसलं होतं, आणि त्याला गेलेल्या विजेचा पत्ताही नव्हता, कारण त्याच्या लाइनीत सकाळपासून वीज नव्हतीच.

एक मुलगा ओरडत यार्डात पळाला. पण यार्ड केवढं, कमान केवढी! हाक ऐकून, कळून, उतरेपर्यंत... कंट्रोलला मिळालेला शेवटचा शब्द होता "घ्या". मी पवारच्या हाताखालून फोन ओढला. डेड. नुसती खरखरसुद्धा नाही. माझा मोबाइल बाहेर बसमध्ये, पर्समध्ये. पवारने त्याचा लावला तर नेटवर्क बिझी. सगळं पुणं त्या वेळी एकमेकांना "तुमच्याकडे गेली का?" विचारत असणार.

आणि मी, जिला पक्कं माहीत होतं की फोन बंद आहे, त्या बंद फोनमध्ये ओरडायला लागले.

"दुसरं परमिट परत आलेलं नाही! माणूस वर आहे! पिवळं हेल्मेट! लाइन देऊ नका!"

आणि सवयीने थांबले. पलीकडून कुणीतरी ते परत म्हणेल म्हणून. कुणी म्हणालं नाही. खिडकीतून तो माणूस दिसत होता, एक पाय खाली सोडून आधार चाचपत होता. मुलांसमोर, पवारसमोर, मी ढसाढसा रडायला लागले.

"अगं, कुणी ऐकतंय का... कुणीतरी बोला ना..."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मनीषा आठवली. व्हरांडा आठवला. ओढणीचं टोक आठवलं. मी फोन कानाला धरून मटकन खाली बसले.

लाइन आली नाही. माणूस हळूहळू उतरत होता, आणि लाइन येत नव्हती. त्याचा पाय जमिनीला लागला तरी आली नाही. पवार भिंतीला डोकं टेकून नुसता "आई गं, आई गं" करत होता.

मग पवारचा मोबाइल वाजला. मी घेतला.

"कंट्रोल बोलतेय. दुसरं परमिट परत आलं का?"

दुसरं परमिट आहे हे कंट्रोलला कुणी सांगितलं नव्हतं. पवारलाच माहीत नव्हतं, तो काय सांगणार! आवाज मनीषाचा होता.

"परत आलं," मी म्हटलं. "माणूस खाली आहे."

"परत म्हणते. दुसरं परमिट परत आलं. माणूस खाली आहे. बरोबर?"

"बरोबर."

मग लाइन आली, घरघर सुरू झाली, पंखे फिरले. तो पिवळ्या हेल्मेटवाला तानाजी घाम पुसत आत आला. जवळच्याच गावचा. माझा अवतार बघून म्हणाला, "काय झालं वो मॅडम? चहाला उतरणारच हुतो की मी. येवढं रडायासारखं काय हाय?" मी त्याला दोन थोबाडीत द्यायच्या बेतात होते. द्यायच्या ऐवजी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्याच दिवशी मी मनीषाला गाठलं. गाठलं म्हणजे पुन्हा उलटतपासणीच. कुणी सांगितलं तुला? उपकेंद्रातून दुसऱ्या कुणाचा फोन आला होता का? जोगळेकर भेटला होता का?

"पवारसाहेब 'घ्या' म्हणाले, आणि मागे मोर ओरडला," ती म्हणाली. "तोच मोर, मॅडम. माझा हातच थांबला. मग फोन गेला. बाजूचे साहेब ओरडून राहिले होते, घे, घे, शहर अंधारात आहे. मी म्हटलं, दुसरं परमिट विचारल्याशिवाय नाही घेत."

"आणि माझा आवाज? तो आला का काल?"

तिने मान हलवली. "काल नाही आला. तो तेव्हाच आला होता ना."

झालं ते एवढंच. तुम्ही म्हणाल, योगायोग. मीही म्हणून बघितलं. परमिटचा नियम तिला शिकवलेलाच होता. हेल्मेटं बहुतेक पिवळीच असतात. मोराला तर काय, कुठेही ओरडायला परवानगी लागत नाही. एकेक गोष्ट धरली तर सगळं सुटतं, आणि सगळं एकत्र धरलं की मला झोप लागत नाही. ती त्या खुर्चीत होती म्हणून तानाजी वाचला. पण त्या परीक्षेत आम्ही तिला नापास करून स्टोअरमध्ये धाडलं असतं तर? त्या खुर्चीत "घे" म्हटल्यावर घेणारा कुणीही असता.

जोगळेकर आता रिटायर होऊन कोथरूडला असतो. अजून कुठे लग्नाकार्यात भेटला की मी त्याला मध्येच विचारते, खरं सांग, तो तूच ना? मागच्या वेळी भेटला तेव्हा तो हसला नाही. म्हणाला, "बाई, माणसाला जे करताना बघितलंय त्याचीच नक्कल करता येते. तुम्हाला रडताना त्याआधी कुणी बघितलं होतं?"

कुणीच नाही. मी स्वतःसुद्धा नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी त्यातही खोट काढीन, हे आधीच सांगून ठेवते. उपकेंद्रातला तो फोन आम्ही नंतर उघडून बघितला, तो खरंच बंद होता. त्यातून एक अक्षर बाहेर जाणं शक्य नव्हतं. पण मी निरोप दिला होता, आणि नियमाप्रमाणे तो कुणीतरी परत म्हणायला हवा होता. मी कानाला फोन लावून त्याचीच वाट बघत होते. तो तर कधीचाच म्हणून झाला होता. टेपवर होता, परीक्षक त्याला हसले होते आणि मीही तो मान्य केला नव्हता.

"हो मॅडम, ऐकतेय मी. मी आहे इथं."